टिपऱ्यांना सुखाने राहू द्या की!

परत कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकलंय, 'श्रीयुत गंगाधर टिपरे नव्याने आलं पाहिजे!' आणि खाली बदाम, टाळ्या, आमची मावशी तर तीनदा. अरे कशाला? 2001 ला अल्फा मराठीवर (म्हणजे आताचं झी मराठी) आलेली मालिका, आबा, म्हणजे घरातले आजोबा गंगाधर टिपरे, शेवटी वहीत दोन ओळी लिहायचे, बास, तेवढ्यात घशात आवंढा यायचा. आता काय करतील सांगू? आबा रील बनवणार, त्यांच्या सुनेला, श्यामलाला कटकारस्थानी जाऊबाई मिळणार, मुलाला, शेखरला विसरण्याचा आजार, आणि चहाचा कप पडला तरी तीन बाजूंनी ढॅण ढॅण ढॅण! वर आठवड्याचे सहा दिवस, शिवाय रविवारी महाएपिसोड. आणि आबा झालेल्या दिलीप प्रभावळकरांच्या जागी कोण, पांढरा विग लावलेला जिमवाला? 'साराभाई वर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका 2017 मध्ये नव्याने आणली, तिचं काय झालं बघितलं ना? मूळ माणसं तीच, चॅनेलऐवजी हॉटस्टार, तरी ती मजा आलीच नाही. मी तर दोन भागांत बंद केलं, त्यातल्या रोसेशची कवितासुद्धा ओढूनताणून वाटायला लागली हो! जुने भाग आहेत ना, तेच बघा. मावशी, तुझा चौथा बदाम आला बघ.