टिप नको, पण वॉलेट आवर

परत कुणीतरी माझ्या पोस्टवर २०० सातोशी टिप पाठवलीये. १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी, त्यातले माझे २००, म्हणजे कटिंग चहाचा हिशोब. दानत चांगली हो, माझं त्या माणसाशी काही भांडण नाही, पण हे पैसे हातात यायला आधी एक बिटकॉइनचं वॉलेट काढा, मग त्या वॉलेटची किल्ली म्हणून मिळालेले बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहून कपाटात जपून ठेवा (आमच्याकडे किराणाची यादी म्हणून तो कागद रद्दीत गेला, जय हरी विठ्ठल), मग केवायसी, पॅन, आधार, सेल्फी, आणि एवढं सगळं करून झाल्यावर कळतं की कमीत कमी अमुक इतके सातोशी साठल्याशिवाय काढताच येत नाहीत!! बरं काढून विकलेच समजा, तर २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स, रिटर्नमध्ये त्याचा वेगळा रकाना, एका कॉइनमध्ये तोटा झाला तर दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजापण करता येत नाही. चहाच्या पैशासाठी सीए गाठू का आता?

आणि खाली टपरीवाला क्यूआर चिकटवून बसलाय, पाच रुपये पाठवले की स्पीकर बोंबलतो, चार्ज शून्य. परदेशात छोटी रक्कम पाठवायला कार्डाचा चार्जच जास्त पडतो म्हणून ही सातोशीची भानगड निघाली, तिथलं ठीके. पण तू नाशिकचा, मी पुण्याची, यूपीआय कर ना बाबा. नाहीतर सरळ लाईक दे.