कोनसेट बदलला तरी पुढची खटखट तशीच: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. राग रास्त आहे तुमचा. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. दुचाकीच्या पुढून येणाऱ्या खट आवाजावरचा माझा लेख वाचून यांनी पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली, हॅण्डलपाशी खट लागलं, म्हणून कोनसेट, म्हणजे हॅण्डल ज्यावर वळतं ते बेअरिंग, बदलला, 1,650 रुपये गेले, आवाज जिथल्या तिथे, आणि वर आता गाडी हळू चालवताना सरळ जात नाही, सारखी सावरावी लागते. ब्रेकचे पॅड तर महिन्यापूर्वीच नवीन टाकलेत म्हणे. आणि शेवटी, "घरी बसून निदान करायला लोकांना भरीस घालू नका."

पैशांचं नंतर बोलू. ती गाडी सावरावी लागते ना, ते आजच्या आज बघा. कोनसेट जास्त आवळला गेलाय असंच दिसतंय. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा, हॅण्डल मधोमध आणा आणि एका बोटाने जरासं ढकला. ते आपल्या वजनाने कडेपर्यंत पडायला पाहिजे, डावीकडे पण आणि उजवीकडे पण. मधेच थांबलं आणि केबल कुठे ओढत नसेल तर टाइट आहे समजा. दुचाकी चालताना हॅण्डल स्वतःच अगदी बारीक बारीक इकडेतिकडे वळत असतं, त्यावरच तोल टिकतो, आपल्याला कळत पण नाही, कोनसेट जाम असला की ते वळणं अडतं आणि मग तोल हाताने धरावा लागतो. ओल्या रस्त्यावर हे जिवावरचं आहे. कोनसेटच्या नवीन वाट्या (छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, ज्यात फिरतात त्या) टाकल्या की रिंग नट, म्हणजे कोनसेट आवळणारा नट, आधी थोडा जास्त कसून हॅण्डल या टोकापासून त्या टोकाला पाच-सहा वेळा फिरवायचं म्हणजे छर्रे नीट बसतात, मग नट सैल करून परत बेताने आवळायचा, आणि वरचा मोठा नट कसून झाला की पुन्हा तपासायचं, कारण तो कसल्यावर खालची सेटिंग सरकते. हे शेवटचं तपासणं बऱ्याच ठिकाणी राहून जातं. नवीन कोनसेट थोडा बसतो पण, त्यामुळे पाचशे-हजार किलोमीटरला परत एकदा बघायचाच.

आता माझी चूक. ब्रेक दाबून हलवायची टेस्ट मी लिहिली आणि तिथेच थांबलो, हे चुकलं. ब्रेक दाबला की चाक अडतं आणि पुढच्या भागात जिथे जिथे ढिलाई आहे ती सगळी एकदम वाजते, म्हणजे कॅलिपरमधले (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पॅड, कॅलिपरच्या पिना, शॉकअपचे (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) बुश, म्हणजे आतल्या बांगड्या, कोनसेट, सगळं. त्यातून शॉकअप म्हणजे लांबलचक लोखंडी नळी, खाली वाजलेलं वर हॅण्डलला लागतं. तुम्हाला हॅण्डलपाशी खट लागलं याचं मला अजिबात आश्चर्य नाही.

माझ्याच घरातलं सांगतो. गेल्या श्रावणात माझ्या गाडीला हेच झालं होतं. मी हॅण्डलवर हात ठेवून ठामपणे म्हणत होतो की कोनसेट गेला. बाबांनी आयुष्यभर लेथवर काम केलंय. ते गाडीपुढे पाटावर बसले, डाव्या हाताचं बोट खालची टी (दोन्ही शॉकअप धरणारी खालची आडवी पट्टी) आणि फ्रेम यांच्या फटीत ठेवलं आणि मला म्हणाले, हलव. खट, खट. "इथं काही हलत नाही रे," म्हणाले. मग तेच बोट कॅलिपरवर अशा बेताने ठेवलं की अर्धं कॅलिपरला आणि अर्धं पॅडच्या पत्र्याला लागेल. परत खट, आणि या वेळी मला काही सांगावं लागलं नाही, त्यांचं बोट हललेलं मला दिसलं. कान फसतो, पण दोन भागांच्या फटीवर ठेवलेलं बोट फसत नाही. माझ्या लेखात हेच नव्हतं.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय पॅडवर आहे, कारण पॅड बदलल्याचं तुम्हीच लिहिलंय. बऱ्याच कॅलिपरमध्ये पॅडवर दाब ठेवणारी एक पातळ पत्र्याची स्प्रिंग असते. पॅड बदलताना ती पडते, उलटी बसते किंवा जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते, आणि मग पॅड खड्ड्याखड्ड्याला वाजतात. तपासायला पैसा लागत नाही. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढचा ब्रेक अगदी हलका, नुसता टेकवल्यासारखा धरा. खडखड थांबली तर कॅलिपरच बघायचा. आणि घरी, ब्रेक सोडून पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि गाडी भिंतीकडे ढकला. ब्रेक धरल्यावर येणारा खट इथे आला नाही तर पॅड किंवा कॅलिपरच्या पिना.

भिंतीपाशी पण आला तर चाक वर उचलून शॉकअपचे खालचे पाय दोन हातांनी धरून मागेपुढे हलवा. टीच्या फटीत बोटाला लागलं तर कोनसेट, खालचा पाय चकचकीत नळीवर हलला तर बुश. चाकाच्या समोरासमोरच्या दोन कडा धरून डावी-उजवी हलवताना टकटक झाली तर चाकाचं बेअरिंग. आणि फक्त स्पीडब्रेकरवरून उतरताना एकदाच ठप्प होत असेल तर शॉकअपचं तेल कमी झालंय का ते आधी बघा.

जुन्या वाट्या मेकॅनिककडून मागून घेतल्यात का? असतील तर रुमालाने पुसून नख फिरवा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, छर्रे एकाच जागी दणके खातात, तिथलं ग्रीस निघून जातं आणि लोखंड झिजून खळगे पडतात. नखाला खळगे लागले तर कोनसेट तसाही गेलेलाच होता आणि खर्च अगदीच वाया गेला नाही. गुळगुळीत असतील तर तुमच्या 1,650 रुपयांचा दोष माझ्या अर्धवट लेखाकडे येतो, आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण घरी निदान करू नका हे मला पटत नाही. फ्रेममधून वाट्या ठोकून काढणं घरचं काम नाहीच, ते मेकॅनिककडेच द्या. बोट लावून बघणं मात्र प्रत्येकाने करावं, कारण गॅरेजमध्ये गर्दी असते, आपण "कोनसेट बघा" म्हणून गाडी लावली की कोनसेटच बदलला जातो. त्यापेक्षा "ब्रेक टेकवला की आवाज थांबतो" एवढं सांगितलं तर तोच माणूस आधी कॅलिपर उघडतो.

लेखात भिंतीची टेस्ट आणि बोटाची टेस्ट आज दुपारी टाकतोय, ब्रेकच्या टेस्टच्या लगेच खाली. तुम्ही आधी कोनसेट सैल करून घ्या, तोवर गाडी लांब नेऊ नका. मग कॅलिपर उघडाल तेव्हा ती पत्र्याची स्प्रिंग आत आहे का तेवढं इथे लिहा.