लावाचं हाय का वाचाचं?

लग्नसराई तोंडावर आली. गावातल्या तमाम पोरींच्या चेहऱ्याची काळजी आता त्यांच्यापेक्षा शेजारणींनाच जास्त. अशा वेळी क्रीम, साबण, शाम्पू विकत घेताना काय काय अजिबात पाहू नये, याबद्दल चार अनुभवाचे बोल सांगते. काय पाहावं हे सांगायला मोबाइलमध्ये गोऱ्यापान बाया बसल्याच आहेत.

पहिलं पथ्य, खोका उलटा करू नका. पुढून कसा छान दिसतो! केशर आहे, चंदन आहे, धुक्यात उभी असलेली बाई आहे. मागे काय, तर मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरं. परवा तालुक्याच्या बाजारात मी हा आगाऊपणा केला. पुतणीच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले होते. ती लावत होती तीच क्रीम दुकानात मागितली, खोका उलटा केला आणि मागचं किमतीचं स्टिकर नखाने खरवडायला लागले. गल्ल्यावरून आवाज आला, "मॅडम, तुमाले लावाचं हाय का वाचाचं?"

मागे उभ्या बाया फिसफिस हसल्या.

"यात काय काय आहे ते पाहते," मी म्हटलं.

"काई नाई त्याच्यात. सारं नॅचरल हाय."

स्टिकर निघालं. खाली बॅच नंबर होता, लायसन्स नंबर होता, घटकांची यादी नव्हतीच! दुकानदार निर्दोष सुटला. कंपनीही सुटली, कारण ट्यूब पंधरा ग्रॅमची. आपल्या देशात 2020 चे सौंदर्यप्रसाधनांचे नियम आहेत, त्यात घटकांची यादी छापायची सक्ती आहे, आणि त्याच नियमांत 60 मिलिलिटरच्या आतला पातळ माल आणि 30 ग्रॅमच्या आतली क्रीम-पावडर यांना या यादीतून सूटही आहे.

म्हणून दुसरं पथ्य, घ्यायचं ते लहानच घ्या. तसंही आपल्याला विचारतो कोण? गावातल्या दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शाम्पूची पुडी, तेलाची पुडी, फेसवॉशची पुडी, वीस रुपयांची ट्यूब. निंदणाला, कापूस वेचायला जाणारी बाई बाजाराच्या दिवशी चुकारा हातात आला की त्यातूनच एक तोडून नेते. तिने अडीचशे मिलीची बाटली घ्यावी कशाने? नागपूरच्या मॉलमध्ये बाटली घेणारीला आत काय आहे ते छापून मिळणार आणि पुडी घेणारीला मिळणार नटीचा फोटो. लहान पॅकवर जागा नसते म्हणे! ‘20 टक्के जास्त’ लिहायला जागा असते. लकी ड्रॉला जागा असते. चमकणारे दात, उडणारे केस, हिरवं पान, सगळ्याला जागा असते. वर्षभरात त्याच पुड्या मोजल्या तर दोन बाटल्यांचा माल तिच्याच डोक्यावर गेलेला असतो, पण सुटा गेला, म्हणून तिला सांगायचं कारण नाही. डोकं काय पुडीगणिक बदलतं? काही कंपन्या लहान पॅकवरही यादी छापतात, म्हणजे छापता येते. बाकीच्यांना छापायची नाही, आणि आपल्याला मागायची नाही. मागितली की गल्ल्यावरून ‘लावाचं हाय का वाचाचं’.

असो. उपदेशाकडे वळते.

यादी असलीच, तर ती क्रमाने वाचू नका. जे सर्वांत जास्त ते आधी आणि जे कमी ते नंतर, असा तिचा नियम आहे आणि त्याने मनाला फार त्रास होतो. खोक्यावर बदाम फोडून ठेवलेले असतात, यादीत पहिला नंबर लाइट लिक्विड पॅराफिनचा, म्हणजे खनिज तेलाचा. बदाम असतो, पार शेवटी, सुगंधाच्या शेजारी अंग चोरून बसलेला. (पॅराफिन विषारी नाही. थंडीत टाचांना चोपडतो ती पेट्रोलियम जेली त्याच घराण्यातली. मुद्दा एवढाच, की भाव बदामाचा द्यायचा का.) त्यातही एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली मंडळी कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा आहे. फेनॉक्सिइथेनॉल नावाचं माल टिकवणारं रसायन एक टक्क्यापर्यंतच घालतात, म्हणून त्याच्या मागे केशर दिसलं तर किती केशर ते समजून घ्या. समजू नका म्हणत होते ना मी? चुकून निघून गेलं.

कोरफडीचं जेल हिरवंगार बघूनच घ्या. बांधावरची कोरफड चिरली की आतला गर पाण्यासारखा निघतो, हे विसरून जा. यादीत सीआय 19140 आणि सीआय 42090 दिसले तर ते पिवळा आणि निळा रंग आहेत. दोन्ही मिळून काय होतं ते शाळेतल्या पोराला विचारा.

साबण वासावरून घ्यावा. वेष्टणावर टीएफएम म्हणून एक आकडा असतो, म्हणजे साबणात स्निग्धांश किती. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपला तो किमान 76 लागतो, दुसऱ्या प्रतीला 70, तिसऱ्या प्रतीला 60, आणि ‘बाथिंग बार’ लिहिलं की 40 वरही भागतं. किंमत सारखी, आकार सारखा आणि आकडा मात्र एकीकडे 76, दुसरीकडे साठीच्या खाली. पण मोगऱ्याचा वास येतो ना, मग झालं.

काळ्या मेंदीच्या पाकिटावरची सूचना वाचायची नाही. कानामागे थोडी लावून, अंगावर उठते का ते पाहत एक दिवस थांबायला वरातीच्या दिवशी वेळ कोणाला असतो?

आणि शेवटचं पथ्य, मेडिकलवाल्यावर विश्वास ठेवा. पुतणीची पर्स उलटी केली, तर दुसरी ट्यूब निघाली. मैत्रिणीने सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. तिच्यावर मात्र सगळं छापलं होतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. वर ‘आरएक्स’, खाली शेड्यूल एचचा इशारा, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं.

हे औषध आहे. मोमेटासोन स्टिरॉइड आहे. 2018 पासून अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे आणि आपल्याकडे ती गोळ्या-बिस्किटांसारखी हातोहात जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून पोरी लावत राहतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते, आणि उन्हात गेलं की आग होते. आणि आपलं ऊन! ज्याने चिठ्ठी न मागता ही ट्यूब पोरीच्या हातात दिली, त्याला लाज वाटायला पाहिजे.

पण फक्त त्यालाच का? राजेहो, तुम्हीच कृषी केंद्रात फवारणीचं औषध घ्यायला जाता तेव्हा काय विचारता? ‘कंटेंट काय आहे?’ कंपनी कोणती ते नंतर. इमामेक्टिन पाच टक्के आहे का, इमिडाक्लोप्रिड साडेसतरा-अठरा टक्क्यांचं आहे का, हे दहावी नापास माणूस तोंडपाठ सांगतो. बियाण्याच्या थैलीचा लॉट नंबर पाहता, तारीख पाहता, बिल सांभाळून ठेवता. कपाशीवर मारायचं ते वाचून घेता आणि पोरीच्या तोंडाला लावायचं ते न वाचता? अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींच्या किडन्या गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला, 2023 साली पेपरात आलं. पारा घालायला बंदी आहे, म्हणजे यादीतही तो कोणी लिहिणार नाही. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर नाही ती उकिरड्यावर टाका, वाटून लावू नका. आणि पाहायला आलेल्या पाहुण्यांनो, ‘पोरगी जरा सावळी आहे’ हे वाक्य चहा-पोहे खाऊन झाल्यावर उंबऱ्यात म्हणून जाता ना, ती ट्यूब तिथून सुरू होते.

ज्या पोरी अशी ट्यूब लावत आहेत त्यांनी घाबरून एकदम बंद करू नये, चेहरा आणखी भडकतो. अकोला, यवतमाळ, नागपूर इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत कातडीचे डॉक्टर बसतात, त्यांना दाखवा. ट्यूब खोक्यासकट सोबत न्या, आणि कुठून घेतली हे विचारलं तर दुकानाचं नाव सांगा. गावातला माणूस आहे म्हणून लपवू नका.