उंदरायले कायची गादी?

मागच्या हिवाळ्यात गावी गेले तेव्हा घरात वेचलेल्या कापसाचा ढीग पडला होता. निघताना बाबांना म्हटलं, "थोडा कापूस नेऊ का? कॉलेजातल्या उंदरांसाठी पाहिजे." बाबा हसले नाहीत. त्यांना खरंच कळेना. "उंदरायले कायची गादी पायजे वो माय? इथं त उंदरायनं तुरीचं एक पोतं धड ठेवलं नाही."

त्यांचं काही चुकलं नाही. पण तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, ते आज लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात ते, शिकवते. प्रयोगाची जनावरं ठेवतात त्या आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये पांढरे उंदीर आहेत. प्लास्टिकचा पिंजरा, वर तारेची जाळी, खाली धानाचा भुसा, पाण्याची बाटली आणि खाद्य. झालं. दिवसा बघाल तर सगळे एकमेकांना चिकटून झोपलेले, म्हणून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण उंदीर रात्रीचा प्राणी. एकदा कामासाठी रात्री साडेनऊपर्यंत थांबले, तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. एक मादी जाळीची तीच एक तार, त्याच जागी, न थांबता चावत होती. शेजारच्या पिंजऱ्यात एक जण कोपऱ्यात उभ्या उभ्या उड्या मारत होता. उडी, खाली, पुन्हा उडी. याला स्टिरिओटिपी म्हणतात. कोंडलेल्या, काहीच करायला नसलेल्या जनावराची ही खूण आहे. वर्गात मीच शिकवते हे, आणि माझ्याच खोलीतलं मला दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट थंडीची. मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि आत एसी 22 वर. आत आलो की आपल्याला हायसं वाटतं. उंदराचं तसं नाही. जेमतेम 25 ग्रॅमचा जीव तो, त्याला 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं. 22 अंशांत तो खाल्लेलं बरंचसं अंग ऊबदार ठेवण्यातच खर्च करतो. घरटं बांधायला सामान दिलं, की आपली ऊब तो आपणच जमवतो.

कापूस मी नेलाच. आमच्याकडे जनावरं सांभाळणाऱ्या काकांनी दारातच अडवलं. "मॅडम, सुटा कापूस नका टाकू. पिल्लाच्या पायाले धागा गुंडाळला की पाय जाते." त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं. मग कोऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या, ऑटोक्लेव्ह केल्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेत जंतुविरहित केल्या, आणि दर पिंजऱ्यात आठ-दहा ग्रॅम टाकल्या.

त्या दिवशी मी तासभर तिथेच बसले. मादीने एकेक पट्टी दातात धरून कोपऱ्यात ओढली, उभी फाडली, मध्ये बसून गोल फिरत दाबली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर छप्पर असलेला गोळा तयार होता. बाजूला एक भोक राहिलं होतं. मी वाकून बघायला लागले तर आतून एक पट्टी आली आणि भोक बंद झालं.

"पण रिझल्ट बदलतील ना?" हा प्रश्न मला मीटिंगमध्ये विचारला गेला आणि घरट्याच्या सामानाची फाइल तिथेच थांबली. प्रश्न वाजवी आहे, म्हणूनच तो तपासून झाला आहे. 2004 मध्ये तीन प्रयोगशाळांनी मिळून साध्या आणि सजवलेल्या, म्हणजे सामान दिलेल्या, पिंजऱ्यांतल्या उंदरांची तुलना केली, आणि सजावटीमुळे निकालांतली तफावत वाढली नाही. त्याआधी 1997 मध्ये दिसलं होतं, की सामानाने भरलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी जोडलेल्या भागात नव्या पेशी जास्त टिकतात. मला उलटी काळजी वाटते. प्लस मेझवर, म्हणजे उंदराची भीती मोजायच्या अधिकच्या खुणेसारख्या वाटांवर, चिंता कमी करणारं औषध तपासायचं आणि उंदीर आधीच रात्र-रात्र तार चावणारा, मग आपण मोजतो काय?

सगळंच सामान चांगलं असतं असंही नाही. नरांच्या पिंजऱ्यात एकच खोपटं ठेवलं तर त्यावरून मारामाऱ्या वाढू शकतात, म्हणून आम्ही तिथे फक्त पट्ट्या देतो. पिंजरा धुताना जुनं घरटं नव्या पिंजऱ्यात ठेवायचं, घाण झालेला भुसा मात्र न्यायचा नाही. घरट्याच्या ओळखीच्या वासाने नर कमी भांडतात.

आणि शेपटीला धरून उचलणं सोडा. प्लास्टिकच्या नळीतून उचललं तर उंदीर कमी घाबरतो, हे 2010 मध्येच छापून आलंय. नळी कुठून आणायची? बोअरच्या पाइपाचा उरलेला तुकडा आपल्याकडे दर घरामागे पडलेला असतो. कडा घासून, धुऊन घ्या.

प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा 1960 चा कायदा आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांचे 1998 चे नियम आहेत, असे प्रयोग करणाऱ्या कॉलेजांत एथिक्स कमिटी आहे. प्रयोगाच्या अर्जात उंदीर किती ते विचारतात. पिंजऱ्यात काय आहे तेही विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्या भागातल्या फार्मसी कॉलेजांत जे कोणी हे काम करताय, त्यांना पट्ट्यांची जाडी, ऑटोक्लेव्हची वेळ, काहीही लागलं तर मेसेज करा. काकांना विचारून सांगते, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.