माझा सैतान कुठे गेला?

पाच गुल्डन मोजले मी. रोख. आणि आज कचेरीत पाय ठेवला तर पहिला प्रश्न, "काय हो, दिसला का?" व्हायोलिनवाला पागानिनी नव्हे, वाजवताना त्याच्या पाठीशी असतो म्हणतात तो सैतान! नाही म्हटल्यावर साहेबांनी असं तोंड केलं की जणू मी फुकट पासावर जाऊन घोरून आलोय.

या १८२८च्या मार्चमध्ये तो जिनोआचा माणूस व्हिएन्नात उतरला आणि गावाचं डोकं फिरलं. हातमोजे निघालेत, डाव्यावर व्हायोलिन, उजव्यावर बो, म्हणजे ते वाजवायचा गज. टोप्या त्याच्या नावाच्या, मांसाचं श्नित्झेल त्याच्या नावाचं, बिलियर्डचा एक फटकासुद्धा त्याच्या नावाचा. तिकीट पाच गुल्डन, म्हणून गाडीवाले पाचच्या नोटेला आता 'पागानिनर्ल' म्हणतात. सुटे मागा, मग बघा कसे हसतात ते.

कार्यक्रम होफबुर्ग राजवाड्याच्या रेडूटेनसालात. हा मुळात नाचाचा हॉल. जमीन सपाट, त्यामुळे पुढे कोण बसतं त्यावर आपलं नशीब. माझ्या नशिबी एक टोपी आली. पिसं, फिती, कापडी गुलाब आणि मधोमध एक पक्षी, बहुधा मेलेला. टोपी डावीकडे कलली की पागानिनीचा कोपर दिसायचा, उजवीकडे कलली की केसांची बट. पाच गुल्डनात एक कोपर, एक बट.

शेजारी पिवळट चेहऱ्याचे एक गृहस्थ. पागानिनीच्या 'चेटकिणी' या रचनेतले तुकडे सुरू झाले तसे त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"दिसला?"

"कोण?"

"तो काय, कोपरापाशी! बो तोच चालवतोय."

"मला नुसता कोपरच दिसतोय."

"मागे बघा, मागे. लाल कपडे."

"शिंगं?" विचारायचं म्हणून विचारलं.

"आहेत."

"आणि शेपूट?"

"दोन पायांत धरलीय." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की शेपूट कुठे ठेवावी याचे काही सभ्य संकेत असावेत आणि सैतान ते पाळत असावा.

"अहो, मग मला का दिसत नाही?"

"मनात भाव लागतो."

"भाव? तिकिटाचा काय कमी होता?"

टोपी वळली. "शूऽऽ!" अख्ख्या संध्याकाळीत त्या बाईंचा चेहरा तेवढा एकदा दिसला.

आणि या भानगडीत वाजवणं राहिलं बाजूला. माणूस बो ओढता ओढता डाव्या हाताने तारा छेडत होता, नुसत्या एका, 'जी' नावाच्या तारेवर अख्खी रचना वाजवत होता, आणि मी? मी शेपूट शोधत होतो. लहानपणी बापाने जिनोआत त्याच्याकडून मारून मुटकून रियाज करून घेतला म्हणतात. पण रियाजाला कोण विचारतो! कुणी म्हणतं बायकोचा खून केला, तुरुंगात एकच तार उरली, तिच्यावर शिकला. बिचाऱ्याला वर्तमानपत्रात खुलासा छापावा लागला. खुलासा कुणी वाचला नाही, खून मात्र सगळ्यांना पाठ आहे.

आमच्या इथल्या संगीतकार शुबर्टचं तरी काय झालं? २६ मार्चला इथल्याच टुखलाउबेन रस्त्यावर फक्त स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम केला. लोक आले, टाळ्या पडल्या. तीन दिवसांनी हा पाहुणा पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला आणि इथल्या पेपरांत शुबर्टला बोटभर जागा उरली नाही. तरी भला माणूस पदरचे पैसे मोजून पागानिनी ऐकायला गेला, दुसऱ्यांदा मित्राचंही तिकीट काढलं, आणि वर म्हणतो, अडाजिओत, म्हणजे संथ भागात, देवदूत गाताना ऐकला. म्हणजे त्याला देवदूत, पिवळ्याला सैतान आणि मला मेलेला पक्षी!

त्या पिवळ्याला आता रोज कुणाकडे ना कुणाकडे जेवण आहे. आमच्या साहेबांनी रविवारी बोलावलंय, श्नित्झेल तेच, पागानिनी. दर घरी सैतान थोडा वाढतो, परवापर्यंत त्याला खूर नव्हते. मला विचाराल तर हा भामटा आहे, पण विचारतंय कोण? माझ्याकडे आहे काय सांगायला? कोपर!

संध्याकाळी घरमालकीणबाई भाडं मागायला दारात. म्हटलं, या खेपेस जरा थांबा.

"सैतानाला द्यायला होते ना पाच गुल्डन?"

"बाई, तो मला दिसलाच नाही हो."

"मग परत मागून आणा."