परदेशातून : सोडा ब्रेड, भाकरी आणि पिठाचा प्रश्न

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून मायदेशी एक वाद पुन्हा पुन्हा रंगताना दिसतो. महाराष्ट्राचे अस्सल अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी आणि रोजच्या जेवणातली चपाती मागाहून, रेशनच्या गव्हाबरोबर आली, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पुरणपोळीचा दाखला देऊन ते खोडून काढतो. मी सोलापूरचा असल्याने माझा कल कुणीकडे आहे हे सांगायला नको. परंतु उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये नऊ वर्षे राहिल्यावर या वादातला ‘अस्सल’ हा शब्दच मला अपुरा वाटू लागला आहे, आणि त्याला कारण झाला आहे इथला सोडा ब्रेड.

आयर्लंडची खूण मानला जाणारा हा पाव फार प्राचीन नाही. खाण्याचा सोडा इथल्या स्वयंपाकघरांत एकोणिसाव्या शतकात, साधारण 1830 नंतर, रुळू लागला. त्याआधी उत्तरेकडे ओटच्या कडक रोट्या खाल्ल्या जात. इथल्या थंड, ओलसर हवेत पिकणारा गहू मऊ असतो, त्याच्या पिठाला चिवटपणा कमी असल्याने यीस्टचा पाव त्यातून नीट उठत नाही, आणि घरोघरी लोणी काढल्यावर ताक तर भरपूर उरत असे. ताकातल्या आम्लाशी गाठ पडताच सोड्यातून वायू सुटतो व पीठ फुलते, म्हणून भट्टी नसलेल्या गरिबाच्या घरातही, बास्टिबल नावाच्या बिडाच्या भांड्यात, झाकणावर पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाचे) निखारे रचून पाव भाजता येऊ लागला. पीठ, मीठ, सोडा आणि ताक एवढेच त्यात असते. ते मळायचे नाही, हलक्या हाताने गोळा करून वर क्रूसासारखी खोल चीर द्यायची, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही, आणि ताक पडल्यावर वेळ न दवडता आचेवर ठेवायचे.

नावांचे म्हणाल तर या लहानशा बेटावरही एकमत नाही. कोंड्यासकट भरड पिठाच्या ज्या पावाला आम्ही उत्तरेत व्हीटन म्हणतो, तोच दक्षिणेत ब्राऊन ब्रेड होतो. मनुका घालाव्यात की नाही यावर कडाक्याचे मतभेद आहेत. उत्तरेची खासियत म्हणजे सोडा फार्ल: जाडसर चकती थापून तिचे चार तुकडे करायचे आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. शेवटी ते तुकडे कडेवर उभे करून शेकतात, हे मी सेंट जॉर्जेस मार्केटमध्ये प्रथम पाहिले तेव्हा चुलीच्या निखाऱ्यांपुढे भाकरी उभी करणारी आजी मला डोळ्यांसमोर दिसली, आणि काही क्षण मी तिथून हललो नाही.

तरीही मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट बाजारातली नसून साध्या किराणा दुकानातली आहे. तिथे फार्लसाठी सोडा-मीठ मिसळलेले पीठ, व्हीटनसाठी भरड पीठ आणि ताकाची पेटी बारमाही मिळते, आणि गल्लीतल्या छोट्या बेकरीत सकाळी ताजे फार्ल असतात. हा पाव टिकला तो रोज करता आणि विकत घेता येतो म्हणून. त्याच्या प्राचीनपणाची चौकशी कोणी करीत नाही. गोव्याच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पावही पोर्तुगिजांबरोबर आला, म्हणून आज तो गोव्याचा नाही असे कोण म्हणेल?

भाकरीच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरतो. ज्वारीचे पीठ गव्हासारखे टिकत नाही; जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. गिरणी जवळ नसलेल्या, दोघेही नोकरी करणाऱ्या घरात भाकरी मागे पडते ती या अडचणीने, संस्कृतीच्या अनास्थेने नव्हे, आणि थापण्याचे सगळे कष्ट घरातल्या बाईवरच टाकून अस्मितेची भाषणे करणे तर मला अन्यायाचे वाटते. सोलापुरात बायकांनी केलेली कडक भाकरी दुकानांत विकली जाते आणि कित्येक दिवस टिकते. हा मार्ग आपल्या समोरच आहे. रब्बी ज्वारी पेरणाऱ्याला काढणीच्या मजुरीसकट परवडेल असा भाव आणि शहरात ताजे पीठ या दोन गोष्टींवर वाद व्हायला हवा. मी सुट्टीत घरी येतो तेव्हा दुकानातले ज्वारीच्या पिठाचे पुडके उलटून त्यावर दळल्याची तारीख शोधतो.