"काका कोण?"

सकाळी कराडजवळच्या मलकापुरात दाढीला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीतलं पोरगं मोबाईलवर गुलालाची रील बघत म्हणालं, "कराड दक्षिणला कायम घराणेशाही. लोकं नुसती मेंढरं." मी म्हटलं, अरे, विलासराव उंडाळकर काकांच्या वेळी... तर मधेच, "काका कोण?"

डोकंच सटकलं. १९८० पासून कराड दक्षिणचे सलग सात वेळा आमदार! जानेवारी २०२१ ला गेले, तर एवढ्यात "काका कोण"?

आणि मेंढरं कुणाला म्हणतोस? आमचे आण्णा वर्षानुवर्षं काँग्रेसचे पोलिंग एजंट. हात म्हणजे काका, काका म्हणजे हात. २०१४ ला पक्षानं तिकीट पृथ्वीराजबाबा चव्हाणांना दिलं आणि काका अपक्ष उभे राहिले. त्या साली आण्णा कुणाचेच एजंट झाले नाहीत. धुतलेली टोपी घालून गेले, मत दिलं, येऊन सोप्यात बसले ते बोटावरची शाई बघत. आईनं विचारलं, "कुणाला दिलं?" तर उठून गोठ्यात गेले. मेंढरू असं बसतं व्हय?

काँग्रेसच्या लाटेत १९५२ ला ह्याच मतदारसंघानं शेतकरी कामगार पक्षाचे यशवंतराव मोहिते, म्हणजे आमचे 'भाऊ', निवडून दिले होते. भाऊ पुढं काँग्रेसमध्ये गेले, ते जाऊ दे.

घराणी आहेत, मान्य. आताचे आमदार अतुलबाबा भोसले यांचे आजोबा आणि यशवंतराव मोहिते सख्खे भाऊ, पृथ्वीराजबाबांचे आई-वडील दोघंही खासदार. (आता दोन्हीकडं 'बाबा'च, घोषणा द्यायची पंचाईत.) चौतीस वर्षं एकच आमदार हेही काही फार बरं नव्हे. बास, एवढंच मान्य.

२०१४ ला काका पृथ्वीराजबाबांकडून साडेसोळा हजारांनी पडले. भाजपचे अतुल भोसले तिसरे. तेच २०१९ ला पृथ्वीराजबाबांकडून नऊ हजारांनी हरले आणि २०२४ ला ३९ हजारांनी निवडून आले. इथनं तिसऱ्यांदा उभं राहून जिंकलेत, फुकट नाही मिळालं. मी मत दिलं नव्हतं, तरी सांगतो.

जाऊ दे. पोरगं विशीतलं, २०१४ ला मराठी शाळेत असेल. त्याला कोण सांगणार होतं? मी तरी आण्णांना कुठं धड विचारलं? पृथ्वीराजबाबा आणि काकांचं मनोमिलन झालं तेव्हा आण्णा पेपर नाकाशी धरून वाचत होते, तेव्हाही नाही विचारलं. आता आण्णा नाहीत.

आत्ता आईला फोन लावला. म्हणाली, "मला न्हाई सांगितलं कधी. पण त्या रात्री जेवले न्हाईत, आन् निकालादिवशी टीव्हीची पिन काढून ठेवलेली."